क्लच जोर देत नाही, आलेला जोर निसटू देत नाही

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण जुन्या डिझेल स्विफ्टची हौस काही संपली नाही. परभणी, जिंतूर, गंगाखेडकडची तरुण मंडळी एमएच-२२ पासिंगची अशी गाडी घेतात, इसीयू रीमॅप करून पिकअप वाढवतात. पुढे क्लच स्लिप होऊ लागला की 'परफॉर्मन्स क्लच' टाकायचा विषय निघतो. या क्लचबद्दल चहाच्या टपरीवर जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. त्याची किंमत आधी खिशाला मोजावी लागते आणि मग गिअरबॉक्सला.

गैरसमज १ : भारी क्लच टाकला की गाडी जास्त पळते.

वस्तुस्थिती : क्लच ताकद तयार करत नाही. इंजिनचा टॉर्क गिअरबॉक्सपर्यंत न घसरता पोचवणं, एवढंच त्याचं काम. तो किती टॉर्क धरू शकतो हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटच्या अस्तराचा घर्षणांक, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. हिशेबापुरतं एक उदाहरण घेऊ. दाब ४५०० न्यूटन, घर्षणांक ०.३, सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर आणि बाजू दोन. गुणाकार येतो सुमारे २३० न्यूटन-मीटर. डिझेल स्विफ्टचं इंजिन मुळात १९० न्यूटन-मीटर देतं, म्हणजे असा क्लच तिला आरामात पुरतो. रीमॅप करून टॉर्क २४० वर नेला, की तोच क्लच हात टेकतो. क्लच मोठा करायचा तो इथे. टॉर्क वाढवलेलाच नसेल, तर त्या महागड्या क्लचने वेगात काडीचाही फरक पडत नाही.

क्लच खरंच घसरतोय का, हे घरच्या घरी कळतं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये १५०० ते २००० आरपीएमवर असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळी मारून वर गेला आणि वेगाचा काटा जागेवरच रेंगाळला, तर क्लच स्लिप होतोय. पहिल्या गिअरमध्ये हे सहसा कळत नाही. तिथे इंजिन झपाट्याने फिरू लागतं आणि टॉर्कचा काही भाग त्याच्या स्वतःच्या वजनाला वेग देण्यातच खर्च होतो. वरच्या गिअरमध्ये मात्र जवळजवळ सगळा भार क्लचवर येतो. तपासणी एक-दोनदाच करा. पुन्हापुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

गैरसमज २ : पेडल जितकं कडक, तितका क्लच दमदार.

वस्तुस्थिती : दाब वाढवणं हा एक मार्ग झाला. वरच्या उदाहरणात दाब २० टक्क्यांनी वाढवला तर क्षमता २७५ पर्यंत जाते आणि पेडलही कडक होतं. पण दाब तोच ठेवून ०.४ घर्षणांकाचं अस्तर घेतलं, तर क्षमता ३०० च्या पुढे जाते आणि पायाला फरक जाणवत नाही. कडक पेडलचा भार फक्त डाव्या गुडघ्यावर पडत नाही. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की तो रिलीज बेअरिंगवर, क्लच केबलवर किंवा हायड्रॉलिक सिलिंडरवर आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. गाळप हंगामात गंगाखेड-पाथरी भागात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जायचं असेल, तर हा भार रोज शेकडो वेळा पडतो.

'स्टेज १', 'स्टेज २' हे आकडेही फसवे आहेत. त्यांचं सर्वांसाठी एकच प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मोजपट्टीने ते ठरवते. आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला कारखाना असलेली एक्सेडी ही मूळ जपानी कंपनी रोजच्या गाड्यांचे क्लच बनवते आणि जगभर शर्यतीच्या गाड्यांसाठीही बनवते. त्यामुळे नुसतं नाव किंवा स्टेज पाहून क्लच घेऊ नका. तो किती न्यूटन-मीटर धरतो, ते विचारा.

गैरसमज ३ : ट्रॅक्टरला बटनप्लेट वर्षानुवर्षं चालते, मग कारला का चालणार नाही?

वस्तुस्थिती : ट्रॅक्टरची सिरॅमेटॅलिक बटनांची प्लेट आपल्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीने हाताळलेली असते, म्हणून हा प्रश्न अगदी रास्त आहे. धातूच्या भुकटीत सिरॅमिक मिसळून बनवलेली ही बटनं प्रचंड उष्णता सोसतात, पण हळूहळू पकडणं त्यांच्या स्वभावात नाही. पकडतात ती एकदम. नांगरताना ट्रॅक्टर एकदा गिअरमध्ये पडला की तास संपेपर्यंत क्लचला हात लागत नाही, आणि सुरुवातीचा हिसका मोठी चाकं काळ्या मातीत थोडी घसरून जिरवतात. डांबरी रस्त्यावर कारच्या टायरला पकड असते, त्यामुळे तोच हिसका सरळ गिअरच्या दात्यांवर, ड्राइव्ह शाफ्टवर आणि इंजिन माउंटिंगवर जातो. मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतून निघताना अशी कार दर दहा फुटांवर थरथरते आणि बंद पडते. रोजच्या वापराला उत्तम प्रतीचं ऑर्गेनिक अस्तर आणि मध्ये स्प्रिंग असलेली प्लेट हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

गैरसमज ४ : परफॉर्मन्स क्लच जळत नाही, हाफ क्लचवर बिनधास्त चालवा.

वस्तुस्थिती : इंजिन एका आरपीएमवर धरून क्लच सोडला, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. ११०० किलोच्या गाडीचा क्लच ताशी १० किलोमीटरला पूर्ण लागला, तर सुमारे सव्वाचार किलोज्यूल उष्णता तयार होते. जास्त आरपीएम देऊन तो २० ला लागला, तर सुमारे १७ किलोज्यूल. वेग दुप्पट, उष्णता चौपट. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर असतो, तेव्हा ही उष्णता बाहेर पडायलाही वेळ लागतो. अस्तर टिकलं तरी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तापून निळ्या पडतात, त्यांना बारीक चिरा जातात. म्हणून जिंतूर भागातल्या चढावर गाडी हाफ क्लचवर धरू नका, हँडब्रेक लावा. चालवताना पाय पेडलवर ठेवण्याची सवय तर आजच सोडा.

गैरसमज ५ : बसवला की लगेच जोर लावून बघायचा.

वस्तुस्थिती : नवीन अस्तर आणि फ्लायव्हीलचे पृष्ठभाग एकमेकांवर बसायला वेळ लागतो. बहुतेक कंपन्या शहरातल्या चालू-बंद वापराचे ५०० ते १००० किलोमीटर सांगतात. परभणी ते नांदेड हायवेवर एका दमात कापलेलं अंतर इथे फारसं मोजायचं नाही, कारण हायवेवर क्लच क्वचितच लागतो-सुटतो. गावातल्या गावात, हळूहळू आणि पूर्ण अॅक्सिलरेटर न देता चालवलेलं अंतरच कामाचं. घाई केली तर अस्तर वरवर करपून काचेसारखं गुळगुळीत होतं, आणि महागातला क्लचही घसरू लागतो.

गैरसमज ६ : प्लेट बदलली की काम झालं.

वस्तुस्थिती : गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची असेल, तर त्याच वेळी फ्लायव्हील लेथवर घासून सपाट करून घ्या. रिलीज बेअरिंग बदला आणि क्रँकचं मागचं ऑइल सील जरूर पाहा. सीलमधून झिरपलेलं थोडं तेलही नव्या प्लेटची पकड घालवतं. नवं अस्तर बोटांनी चोळून पाहण्याचा मोह टाळा. हाताचं ग्रीसही पुरेसं घातक आहे. ड्युअल मास फ्लायव्हील काढून साधा बसवला तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, कारण इंजिनची थरथर शोषणारी यंत्रणाच गेलेली असते. हलक्या फ्लायव्हीलने आरपीएम पटकन चढतात, पण गर्दीत गाडी उठवताना ती वारंवार बंद पडते.

गैरसमज ७ : आतला बदल कोणाला दिसतो? कायद्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : क्लचची नोंद आरसीवर नसते, पण रीमॅपसारख्या ज्या बदलांसाठी तो टाकला जातो, ते तपासले जाऊ शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. विमा कंपनीपासून बदल लपवला, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी गाडीचा खरा टॉर्क किती ते पाहा. मग त्यापेक्षा २०-२५ टक्के जास्त धरणारा क्लच निवडा, त्याहून मोठा नको. अस्तर ऑर्गेनिक, प्लेट स्प्रिंगची, बेअरिंग आणि सील नवीन. बसवणारा मिस्त्री फ्लायव्हील लेथवर पाठवणारा हवा. पैसे वाचवायचेच असतील तर ते स्टेजच्या आकड्यात वाचवा, या शेवटच्या कामात वाचवू नका.