शर्यतीचा मार्ग आणि ब्रेकचा द्रव

व्यवहारात ज्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते बहुधा तेल नव्हेच. डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ या प्रतींचा द्रव ग्लायकॉल-ईथरवर्गीय असून तो हवेतील आर्द्रता शोषून घेतो. म्हणूनच डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २३०°, तर ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १५५° सेल्सिअस इतकाच धरला जातो. शर्यतीच्या मार्गावर वारंवार ब्रेक लावल्याने हा द्रव उकळला, की पायाचा दाब वाफ दाबण्यातच खर्ची पडतो व पेडल तळाशी जाते. याउलट पेडल घट्ट राहूनही वेग घटत नसेल, तर दोष अतितप्त पॅडचा होय. सबब मोठ्या चकत्या बसविण्यापूर्वी उष्णतासह पॅड व ताजा, उच्च उत्कलनबिंदूचा द्रव यांची योजना करणे इष्ट ठरते.