पिवळ्या स्कूटरवरची कॅसेट कंपनी

‘हम्मा हम्मा’ हे गाणं रेमो फर्नांडिसचं, असं आपण सर्रास म्हणतो. मणिरत्नमच्या ‘बॉम्बे’च्या (१९९५) हिंदी आवृत्तीत आवाज त्याचाच आहे, पण चाल ए. आर. रहमानची. १९९८च्या ‘प्यार तो होना ही था’च्या शीर्षकगीताचंही तेच. चाल जतीन-ललित यांची, सोबतीला जसपिंदर नरूला. दोन्ही गाणी झकास आहेत, वरातीत अजून वाजतात. पण माझ्या मते रेमोनं जे खरोखर करून दाखवलं ते ‘बॉम्बे’च्या दहा-अकरा वर्षं आधी, गोव्यातल्या राहत्या घरात. तिथं ना कंपनी होती, ना स्टुडिओ, ना बँड.

बँड नव्हता याचं नवल वाटतं, कारण तोवर तो बँडमध्येच वाढला होता. जन्म १९५३चा, म्हणजे गोवा मुक्त झाला तेव्हा वय आठ. शाळेत असताना ‘बीट फोर’, मग वास्तुकला शिकायला मुंबईत आला तेव्हा ‘सॅव्हेजेस’. त्या काळी मुंबईतल्या इंग्रजी बँडकडून लोकांची अपेक्षा साधी होती. बीटल्सचं गाणं बीटल्ससारखं वाजलं पाहिजे. हुबेहूब वाजलं की टाळ्या, आणि ‘हे आता आमचं स्वतःचं’ म्हटलं की चुळबुळ सुरू. पदवी घेऊन रेमो आर्किटेक्टच्या टेबलापाशी फार काळ रमला नाही. १९७७ ते १९८० या काळात लिफ्ट मागत युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली, पॅरिसमध्ये बँडबरोबर वाजवलं. परत आल्यावर गोव्यात आणखी एक बँड, ‘इंडियाना’.

बँड का फुटतात यावर भांडणांच्या चुरचुरीत गोष्टी सांगितल्या जातात. आपल्याकडे कारणं बहुधा त्याहून रुक्ष असतात. एकाला आखातात नोकरी लागते, दुसरा बोटीवर जातो, तिसऱ्याचं लग्न ठरतं. चौघांच्या तारखा जुळवण्यातच गाणं शिळं होतं. रेमोनं एकट्यानं रेकॉर्ड करायचं ठरवलं, त्याला आणखी एक कारण होतं. मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्याला परत पाठवलं होतं. भारतीय माणसानं भारताबद्दल, गोव्याबद्दल इंग्रजीत लिहिलेली गाणी घेणार कोण, हा त्यांचा सवाल. हिशेबाच्या दृष्टीनं तो अगदीच मूर्खपणाचा नव्हता. बाजार सिनेसंगीताचा होता आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला परदेशी माल हवा असे.

मग रेमोनं चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर घरी मांडला. हे यंत्र समजून घेतल्याशिवाय १९८४च्या ‘गोवन क्रेझी’ या त्याच्या कॅसेटचं मोल कळायचं नाही. साध्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या गाण्याच्या, दोन दुसऱ्या बाजूच्या. हा रेकॉर्डर चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरतो. म्हणजे पहिल्या पट्टीवर ताल घ्यायचा, तो कानात ऐकत दुसऱ्या पट्टीवर बास वाजवायचा, तिसरीवर गिटार. आता उरली एकच पट्टी आणि बासरी, कोरस, मुख्य गायन सगळं बाकी! त्यावर तोडगा असा की पहिल्या तिन्ही मिसळून चौथीवर उतरवायच्या आणि त्या तीन पुसून पुन्हा वापरायच्या. यात दोन अडचणी आहेत. प्रत्येक उतरवणीला फितीची सूंऽऽ अशी खरखर वाढते. आणि एकदा मिसळलं की मिसळलं, बास जरा जोरात झाला असं रात्री वाटलं तरी तो आता वेगळा काढता येत नाही. त्यामुळे शेवटच्या बासरीचा विचार पहिला ठोका घेतानाच करावा लागतो. आज फोनवर हव्या तितक्या पट्ट्या मिळतात. पुढचं उद्यावर ढकलायची ती सोय तेव्हा नव्हती.

वाद्यं त्याची, सगळे आवाज त्याचे, मिश्रण त्याचं, कॅसेटच्या वेष्टनाचं चित्रही त्याचंच. आर्किटेक्चर असं कामी आलं. मग आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेट लादून तो गोवाभर दुकानोदुकानी फिरला. गोव्यात हे अगदीच अनोखं नव्हतं. तियात्र या कोकणी नाटकातली कांतारं, म्हणजे गाणी, कॅसेटवर येत होती, स्थानिक गाणं विकत घेणारं गिऱ्हाईक होतं. पुढल्याच वर्षी ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये त्यानं जुन्या गोमंतकीय गाण्यांना नवा साज चढवला. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांच्यासमोरच त्यांना नावानं हाक मारणारं गाणं म्हटलं. काही वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली, पण गाणं आवडल्याचं पत्र खुद्द राजीव गांधींकडून आलं. त्यानंतर सीबीएससारखी बडी कंपनी दारात आली. तोवर माल खपतो हे स्कूटरनं सिद्ध केलेलं होतं.

मात्र एकट्यानं सगळं करण्याची किंमत असते. ‘हे कडवं काढून टाक रे’ असं म्हणणारा दुसरा माणूस खोलीत नसतो. रेमोची काही गाणी मला लांबलेली वाटतात, ती त्यामुळेच असावीत. शिवाय मंचावर चार पट्ट्यांचं यंत्र घेऊन कोण उभा राहणार? तिथं माणसंच लागतात. म्हणून बँड पुन्हा आला, नाव ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’. फरक इतकाच की आता गाणी आधी घरी तयार होत होती आणि बँड ती वाजवत होता. १९९८मध्ये ‘ओ मेरी मुन्नी’नं त्याला स्वतःच्या हिंदी गाण्यावर घराघरांत नेलं, २००७मध्ये पद्मश्री मिळाली, २०२१मध्ये आत्मचरित्र आलं.

पैशाचं गणितही दोन टोकांचं. ‘गोवन क्रेझी’ची कॅसेट विकली गेली की दुकानदाराचं कमिशन वजा जाता रक्कम त्याच्याच खिशात पडे. सिनेमात पार्श्वगायक तेव्हा बहुधा एकरकमी मानधन घेऊन घरी जाई, गाणं मात्र दुसऱ्यांच्या मालकीचं होई. २०१७मध्ये ‘ओके जानू’साठी ‘हम्मा’ नव्यानं बांधलं, तेव्हा जुबिन नौटियाल आणि शाशा तिरुपती गायले, बादशाहनं रॅप घातलं. रेमो त्यात नव्हता, आणि तो नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही.