‘जैव’, ‘शील’ आणि ‘पूरक’ : तीन शब्दांचा पर्यावरणीय हिशेब

पारिभाषिक संज्ञा घडविताना मूळ शब्दाचा अर्थ उतरला की नाही, एवढेच आपण पाहतो. मूळ शब्दानेच जे गाळले असेल ते आपल्या संज्ञेतही गळते, आणि कित्येकदा आपण योजलेला प्रत्यय ती उणीव अधिकच झाकून टाकतो. ‘जैवविघटनशील’ या संज्ञेच्या बाबतीत असे घडले आहे. आणि त्याचा परिणाम केवळ कोशापुरता राहिलेला नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

निमित्त अगदी घरगुती आहे. किराणामालाबरोबर आलेली एक पिशवी, जिच्यावर हिरव्या अक्षरांत ‘कंपोस्टेबल’ असे छापले होते, मी गच्चीवरील खताच्या कुंडीत टाकली. भाजीचे देठ, केळ्यांच्या साली यांचे खत होऊन गेले. पिशवी मात्र वर्ष उलटल्यावरही सुरकुतलेल्या अवस्थेत हाती लागली. आपली फसवणूक झाली असे प्रथम वाटले. परंतु ती अक्षरे खोटी नव्हती. ती अपुरी होती.

अशा पिशव्या बहुधा पॉलिलॅक्टिक आम्ल, पीबीएटी आणि स्टार्च यांच्या मिश्रणातून करतात. पैकी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या लांबलचक रेणुशृंखला सूक्ष्मजंतूंना सहसा थेट खाता येत नाहीत. प्रथम पाण्याने त्या तुटाव्या लागतात, आणि हे तुटणे साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या आसपास, म्हणजे पदार्थ काचेसारखा ताठ न राहता सैल होऊ लागल्यावरच, वेग घेते. युरोपातील ‘ईएन १३४३२’ या मानकाची कसोटी सहा महिन्यांत ९० टक्के विघटनाची आहे. परंतु ती औद्योगिक खतनिर्मितीच्या परिस्थितीत, सुमारे ५८ अंशांवर घेतली जाते. घरच्या कुंडीतील उष्णता बाहेरच्या हवेहून फारशी अधिक नसते. मग पिशवीने काय करावे?

आता प्रत्ययाकडे वळू. इंग्रजी ‘-एबल’ हा प्रत्यय शक्यता सांगतो : अमुक घडू शकते. आपण त्यासाठी ‘-शील’ योजला. ‘शील’ म्हणजे स्वभाव. संस्कृत व्याकरणात यालाच ताच्छील्य म्हणतात. सहनशील मनुष्य पुण्यात सहनशील आणि मुंबईत तापट असतो, असे आपण म्हणत नाही. त्याचा तो गुण त्याच्याबरोबर सर्वत्र जातो. ‘विघटनशील’ पिशवीही मग नाल्यात, समुद्रात, कुंडीत, कोठेही विघटन पावणारच, अशी समजूत शब्दच करून देतो. ‘विघटनक्षम’ म्हटले असते तर निदान क्षमतेपुरतेच विधान झाले असते. पण तेवढ्यानेही भागत नाही. कारण येथे खरी उणीव अधिकरणाची आहे. पाणिनीने क्रियेच्या आधारास एक स्वतंत्र कारक मानले, ते उगाच नव्हे. विघटन कोठे आणि किती काळात, हे सांगितल्याखेरीज ते विधान पुरेच होत नाही.

प्लिमथ विद्यापीठातील इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे अधिकरण प्रत्यक्ष तपासलेले आढळते. निरनिराळ्या पिशव्या त्यांनी उघड्या हवेत, मातीत व समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणविणारी पिशवी तीन वर्षे मातीत अथवा पाण्यात राहूनही किराणा वाहून नेण्याइतकी धड होती. उलट ‘कंपोस्टेबल’ पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. तीच मातीत २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती, जरी वजन घालताच ती फाटे. म्हणजे पिशवी तीच, अधिकरण निराळे, आणि फल निराळे.

‘जैव’ या पूर्वपदाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ‘जैवप्लास्टिक’ या शब्दात ते उत्पत्ती सांगते, ‘जैवविघटन’ या शब्दात शेवट. आणि या दोहोंचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिएथिलीन करतात. त्याचे मूळ वनस्पतीत आहे, पण ते खनिज तेलाच्या पॉलिएथिलीनइतकेच चिवट असते. उलटपक्षी वर आलेले पीबीएटी सामान्यतः खनिज तेलापासून निघते आणि तरीही खतात कुजते. शिवाय एक तिसरा प्रकार होता. साध्या पॉलिएथिलीनमध्ये धातूंचे क्षार मिसळून ‘ऑक्सो’ पिशव्या निघाल्या. उन्हात त्यांचे तुकडे होत. डोळ्यांना पिशवी नाहीशी झाल्यासारखी वाटे, प्रत्यक्षात तिचे बारीक कण मात्र उरत. हे विखंडन होय, विघटन नव्हे. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा वस्तूंवर बंदी घातली.

मग कापडी पिशवी बरी, असे वाचक म्हणतील. तिला आपण ‘पर्यावरणपूरक’ म्हणतो. पूरक म्हणजे उणे भरून काढणारा. इंग्रजीने केवळ मैत्रीचा दावा केला होता, आपण भरपाईचा केला! डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अहवालात हिशेब असा आहे : साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करावयास नव्या सुती पिशवीचा हवामानाच्या एका निकषावर ५२ वेळा, तर सर्व निकष धरता ७,१०० वेळा वापर व्हावयास हवा. सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी हेच आकडे १४९ आणि २०,००० असे आहेत. हे आकडे डोळे मिटून उद्धृत करणे मात्र योग्य नव्हे. मोठे आकडे ओझोनच्या थरावरील परिणामाच्या एका निकषातून आलेले आहेत. सेंद्रिय कापसाचे उत्पन्न कमी धरले होते, आणि ती पिशवी लहान म्हणून एकीच्या जागी दोन मोजल्या होत्या. उघड्यावर पडलेल्या प्लास्टिकची हानी तर हिशेबात घेतलीच नव्हती. तरीही मूळ मुद्दा उरतोच. पिशवीचे पूरकत्व तिच्या कापडात नाही, वापराच्या पौनःपुन्यात आहे. जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी आणि चर्चासत्रात बोधचिन्ह छापून वाटलेली कोरी पिशवी यांना एकच विशेषण लावणे म्हणूनच चूक आहे. (आपल्या विभागाच्या कपाटात दुसऱ्या प्रकारच्या पिशव्या किती पडून आहेत, हे विद्यार्थ्यांनी मोजल्यास माझी हरकत नाही.)

आपल्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीने या प्लास्टिकच्या व्याख्येत दोन अटी आल्या : विघटन माती, भराव यांसारख्या विशिष्ट परिसरात व्हावे, आणि मागे सूक्ष्मप्लास्टिक उरू नये. कायद्याने अधिकरण आणले, आणि विखंडनही वगळले. मराठी परिभाषेत ते आणावयाचे तर ‘औद्योगिक खतात कुजणारी’ असा सरळ शब्दप्रयोग मला पुरेसा वाटतो. तो लांब आहे, आणि पिशवीवर छापावयास जागाही अधिक लागेल. परंतु ‘कुजणे’ हे क्रियापद ऐकणाऱ्याच्या मनात ‘कोठे?’ हा प्रश्न आपोआप उभा करते, जो ‘शील’ने आजवर उभा राहू दिला नाही.