नांगर धरेपर्यंत

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. या बिकट वाटेवरचा जगातील पहिला एकांडा प्रवासी म्हणजे जोशुआ स्लोकम. शेतात कुजत पडलेली 'स्प्रे' ही जुनी नौका त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधली आणि १८९५ ते १८९८ या काळात जेमतेम ३७ फूट लांबीच्या त्या नौकेतून जगाला वळसा घातला.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हां-आपणांस वाटते, भय काय ते भरसमुद्रात. जमीन दिसली की सुटलो! स्लोकमचा अनुभव नेमका उलटा आहे.

३ मार्च १८९६ रोजी मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून तो पॅसिफिकमध्ये बाहेर पडला, तोच वायव्येच्या वादळाने त्याला केप हॉर्नच्या दिशेने रेटले. खोल पाण्यात 'स्प्रे'ने ते वादळ सोसले. खरी कसोटी लागली ती भूमी जवळ आल्यावर. मिट्ट काळोखात चहूबाजूंनी खडकांवर लाटा फुटत होत्या; गारांच्या माऱ्याने चेहऱ्यावरून रक्त ओघळत होते. फेसाने पांढऱ्याशुभ्र झालेल्या या खडकाळ पट्ट्याला खलाशी 'आकाशगंगा' म्हणत. त्याचे भयानक रूप डार्विननेही वर्णिले आहे. त्यातून वाट काढीत ८ मार्चच्या रात्री स्लोकमने कॉकबर्न खाडीतील एका चिमुकल्या आडोशाला नांगर टाकला. निजण्यापूर्वी त्याने डेकवर गालिचे ठोकण्याचे टोकदार खिळे पसरून ठेवले. मध्यरात्री नौकेवर चढलेले तिथले रहिवासी किंचाळत पळाले.

ही हकीकत वाचताना हसू येते खरे. परंतु ज्याला परका 'निर्जन' म्हणतो, तो या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरचा परिसर होता. झाडाच्या सालीच्या होड्यांतून, होडीतच विस्तव जपत, ते याच आडोशांतून वावरत. बाहेरून आलेल्या रोगांनी आणि वसाहतींनी पुढे त्यांची दैना केली.

आजही त्या पाण्यात छोट्या शिडाच्या नौका जातात. तेथे डोंगरावरून वारा अकस्मात कोसळतो, आणि तळ इतका उतरता असतो की एकट्या नांगराचा भरवसा धरवत नाही. म्हणून नांगर टाकून कोणीतरी लहान होडीने किनारा गाठतो आणि लांब दोर झाडांना बांधतो. नौका कोळ्याच्या जाळ्यासारखी चहूबाजूंनी ताणून धरली जाते. पाण्यावर तरंगणारे दाट समुद्रशेवाळ खालच्या खडकाची सूचना देते, आणि तेच शेवाळ नांगराला वेढून त्याची पकड सोडवते. मित्र तेच, शत्रूही तेच!

समुद्र ओलांडण्यास धाडस लागते. परंतु अनोळखी आडोशाला सुखरूप टेकण्यास सावधपणा लागतो. नांगराने तळ घट्ट धरला आहे, अशी खात्री पटेपर्यंत प्रवास संपला असे जाणता खलाशी मानीत नाही. आम्हांस वाटते, हा शहाणपणा केवळ समुद्रापुरता नाही.