ठेंगणी मोटार उचलताना

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. सुटीच्या दिवशी तेथील सोसायट्यांच्या आवारात मोटारी धुण्याचा आणि गाडीच्या पोटाखालचा चिखल खरवडण्याचा उद्योग चालतो. तो अनाठायी नाही. समुद्र जवळ, हवा दमट. पावसाळ्यात खाड्यांचे पाणी रस्त्यांवर येते. ऑगस्ट २००६ मधील तापीच्या महापुरात तर शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता. अशा ठिकाणी मोटारीचा तळ गंजतो, म्हणून तो अधूनमधून पाहणे शहाणपणाचेच होय. अडचण येते ती गाडी उचलताना. त्यातही जमिनीलगत बसणारी गाडी असेल तर अधिकच.

काही गाड्या घडणीनेच ठेंगण्या असतात. इतर काही कालांतराने तशा होतात. स्प्रिंगा थकतात, गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या डिकीत जड टाकी असल्याने मागची बाजू दबते, चाक पंक्चर झाले तर ती बाजू आणखी खाली येते. मग जॅक नेमक्या जागी शिरत नाही, आणि माणूस तो जेथे शिरेल तेथे लावून मोकळा होतो. बहुतेक संकटांचे मूळ या उतावळेपणात आहे.

जॅक काय करतो हे आधी समजून घेतले पाहिजे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धान्त सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये घेतले. कापसाच्या गाठी बांधणारी यंत्रे याच तत्त्वावर चालतात. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे २० असेल, तर २० किलोच्या जोराने ४०० किलोचा भार उचलता येतो. मात्र मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर जाण्यासाठी लहान दट्ट्याला एकूण २० सेंटिमीटर चालावे लागते; म्हणून दांडा पुनःपुन्हा दाबावा लागतो. हा सारा भार शेवटी तेलावर आणि ते अडवून धरणाऱ्या लहानशा रबरी चकतीवर असतो. चकती झिजली की तेल झिरपते व गाडी खाली येते. गाडीसोबत मिळणाऱ्या आट्यांच्या जॅकमध्ये तेल नसते, पण त्याचे बूड अरुंद असल्याने तो कलंडतो. तेव्हा जॅकचे काम उचलण्याचे. उचललेली गाडी तोलून धरण्यासाठी पोलादी स्टँडच हवेत.

पहिला विचार जमिनीचा. दर मीटरला २ सेंटिमीटर इतका उतार डोळ्यांना जाणवतही नाही. परंतु १,००० किलोच्या गाडीला तो सुमारे २० किलोच्या जोराने खाली ओढतो. सुरतेकडील काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. तिच्यावर बसवलेले फरशीचे ठोकळे एका बाजूने दबतात. म्हणून सपाट काँक्रीटची जागा निवडावी.

दुसरा विचार चाकांचा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांनाच धरतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. इंजिन पुढची चाके फिरवीत असेल, तर पुढचे एक चाक उचलताच गिअरची पकडही सुटते. म्हणून हँडब्रेक व गिअर दोन्ही लावावेतच, शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. चाक काढायचे असेल तर नट उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत.

आता ठेंगण्या गाडीची युक्ती. टायरपेक्षा रुंद, सुमारे ४ सेंटिमीटर जाडीच्या, एक कड उतरती तासलेल्या दोन मजबूत फळ्या घ्याव्यात व चाके त्यांवर सावकाश चढवावीत. वाट दाखवणाऱ्याने गाडीसमोर न राहता बाजूला उभे राहावे. एवढ्या उंचीने जॅक सहसा आत जातो. न गेल्यास ठेंगण्या गाड्यांसाठी केलेला बुटका ट्रॉली जॅक वापरावा. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच तो टेकवावा. गॅसच्या गाडीत तर ही दक्षता दुप्पट हवी. कारण टाकीपासून इंजिनाकडे जाणारी नळी तळाखालूनच जाते, आणि टाकीतील दाब २०० बारपर्यंत असतो. काम सुरू करण्यापूर्वी टाकीची झडप बंद करावी.

गाडी वर जाताना थोडी कलते, आणि ट्रॉली जॅकची चाके तिच्याबरोबर सरकावी लागतात. त्यांची वाट मोकळी ठेवावी. मग पुस्तिकेने सांगितलेल्या जागी स्टँड लावून गाडी हलकेच त्यांवर उतरवावी व बाजूने हलवून पाहावी. ती डगमगली तर पुन्हा उतरवून सुरुवातीपासून करावे. काढलेले चाक गाडीखाली आडवे सारून ठेवावे. प्रसंगी तेच अखेरचा आधार ठरते. विटा वा सिमेंटचे ठोकळे यांचा आधार कधीही घेऊ नये. ते सूचना न देता एकदम फुटतात.

काम चालू असताना मुले दूर असावीत आणि हाकेच्या अंतरावर एक जाणता माणूस असावा. संपल्यावर खाली कोणी नाही हे पाहून स्टँड काढावेत, जॅकची झडप अगदी सावकाश सोडावी व नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. या साऱ्या तयारीला पाव तास पुरे होतो. तेवढी सवड नसेल त्या दिवशी गाडी उचलूच नये. गंज आठवडाभर थांबू शकतो.