चैत्राचा बहर, माघाची छाटणी

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो आणि महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी याच दोन महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. अंगणात, गच्चीवरच्या कुंड्यांत किंवा फ्लॅटच्या गॅलरीत मोगरा, मदनबाण, भुईचाफा, सोनचाफा, मधुमालती, बोगनवेल फुलतात ती या रणरणत्या उन्हातच. थंड मुलखातल्या ट्युलिप, डॅफोडिलसारख्या फुलांना कडाक्याच्या थंडीचे काही आठवडे मिळाल्याखेरीज नीट बहर येत नाही. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. इथल्या झाडांना विश्रांती मिळते ती मुख्यतः कोरडेपणातून.

पावसाळा सरला की जमिनीतली ओल आटत जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार होतात, काही झाडांची पाने झडतात, उरलेल्यांची वाढ मंदावते. पाने शाबूत असलेली झाडे या काळातही अन्न तयार करत असतात. नवी पालवी काढण्यात ते फारसे खर्ची पडत नाही, म्हणून फांद्यांत आणि मुळांत साठून राहते. मुंबईत डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, जूनच्या उत्तरार्धात तो सव्वातेरा तासांवर जातो. दिवस मोठा होऊ लागला, ऊब वाढली आणि त्याच वेळी मुळांना पाणी मिळाले, की साठवलेल्या अन्नावर धुमारे आणि कळ्या निघतात. डाळिंब आणि संत्र्याचे बागायतदार नेमके हेच जाणूनबुजून करतात. पाणी तोडून बागेला ताण देतात, मग पाणी सोडून बहर धरतात. कुंडीतल्या मोगऱ्यालाही हाच नियम लागू आहे. फक्त घरी तो कोणी पाळत नाही.

मोगरा हा घरच्या बागेतल्या वसंताचा मानकरी. जास्मिनम सॅम्बॅक हे त्याचे शास्त्रीय नाव. जाई, जुई आणि कुंद ही भावंडे. कुंद थंडीत फुलतो, जाई-जुई पावसात रंगात येतात, भर उन्हाळा मात्र मोगऱ्याचा. त्याचे प्रकार कळीवरून सहज ओळखता येतात. बटमोगऱ्याची कळी गोल आणि टपोरी असते, उमलल्यावर पाकळ्यांचे थर दिसतात. मदनबाणाची कळी लांबट, टोकाला निमुळती. फिलिपीन्सने १९३४ मध्ये हेच फूल राष्ट्रीय फूल म्हणून स्वीकारले आणि चीनमध्ये चहाला सुगंध देण्यासाठी याच्याच कळ्या वापरतात. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागात मोगऱ्याची शेती होते.

मोगऱ्याचे एखादे झाड जवळून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. कळ्या जुन्या लाकडावर येत नाहीत, नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. बहुतेकदा तीन-तीनच्या घोसात, त्यातली मधली आधी उमलते. म्हणजे जितके नवे फुटवे, तितक्या कळ्या. सगळ्या छाटणीचे मर्म एवढेच आहे. तरीही घरोघरी मोगऱ्याच्या लांबलचक, कडक झालेल्या फांद्या तशाच राखलेल्या दिसतात, कारण हिरव्या झाडावर कात्री चालवायला हात धजत नाही.

छाटणीचा काळ म्हणजे साधारण माघ, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. त्याआधी पाणी कमी करावे. कुंडीतल्या झाडाची पाने किंचित मलूल दिसेपर्यंत आणि जमिनीतल्या झाडाला दोनेक आठवडे ताण पुरतो. मग वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात. उरलेल्या फांद्या एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कापाव्यात, काप पानांच्या जोडीच्या जरा वर घ्यावा. राहिलेली जुनी पाने हाताने खुडली तरी चालते. त्यानंतर माती खुरप्याने मोकळी करून मध्यम कुंडीला दोन-तीन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी, आणि कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे. दोन-तीन आठवड्यांत फुटवे दिसू लागतात, दीड-दोन महिन्यांत कळ्या. जानेवारीअखेर छाटलेला मोगरा चैत्रात भरावर येतो, तो या हिशेबाने.

पहिला बहर ओसरल्यावर फुले येऊन गेलेले शेंडे पानांच्या एक-दोन जोड्यांसकट खुडले की पुन्हा फुटवे येतात आणि मेअखेरपर्यंत बहरामागून बहर मिळत राहतो.

झाड हिरवेगार पण फूल नाही, ही मोगऱ्याविषयीची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा त्यामागे सावली असते. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते, आणि शेजारच्या इमारतीआडून येणारा नुसता उजेड ऊन म्हणून धरता येत नाही. दुसरे कारण नत्राचा मारा. युरियासारख्या खताने पाने माजतात आणि कळ्या मागे पडतात. तिसरे, बारा महिने ओली ठेवलेली कुंडी. चहाचा चोथा घालण्याची जी सार्वत्रिक प्रथा आहे तिने बिघडत नाही फारसे, पण बहरही येत नाही. चोथा साखरेचा असेल तर मुंग्या मात्र खात्रीने येतात.

कधी कळ्या भरपूर लागतात, पण पांढऱ्या होण्याऐवजी जांभळट-गुलाबी पडतात आणि न उमलता वाळतात. हे काम कळीत अंडी घालणाऱ्या एका बारीक माशीचे असते. तिच्या अळ्या कळी आतून पोखरतात, नंतर मातीत पडून कोष करतात आणि तिथूनच पुढची पिढी निघते. त्यामुळे किडक्या कळ्या खुडून कुंडीतच टाकणे म्हणजे किडीची सोय करणे. त्या साबणाच्या पाण्यात बुडवून मग फेकाव्यात आणि वरची माती अधूनमधून हलवावी. पानांच्या मागे बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात तो हटकून येतो. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने त्याला आळा बसतो.

मोगरा उमलतो तो संध्याकाळनंतर. दुपार कलताना पांढऱ्याशुभ्र, फुगलेल्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवल्या तर दिवेलागणीनंतर त्या घरात उमलतात. खुडल्यानंतरही या फुलांत सुगंध तयार होत राहतो, म्हणून दुपारी ओवलेला कळ्यांचा गजरा रात्री जास्त दरवळतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि कैरीच्या डाळीबरोबर मोगरा असतो तो याच हंगामामुळे.

भुईचाफ्याची तऱ्हा अगदी वेगळी. हे आल्या-हळदीच्या कुळातले झाड थंडीत जमिनीवरून पार नाहीसे होते. चैत्राच्या सुमाराला उघड्या मातीतून, एकही पान नसताना, सरळ फूल वर येते. लांबट पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये दुभंगलेली जांभळी पाकळी असे त्याचे रूप, वास मंद आणि गोड. एक फूल दिवसभरच टिकते, पण त्याच जागेतून पुढचे काही दिवस नवी फुले निघत राहतात. पाने येतात ती नंतर, पावसाच्या तोंडावर. वरून हिरव्या दोन छटांची, खालून जांभळट. ज्यांना हे ठाऊक नसते ते झाड मेले म्हणून जानेवारीतच कुंडी रिकामी करतात. भुईचाफ्याच्या कुंडीवर चिठ्ठी लावून ठेवणे उत्तम. विश्रांतीच्या काळात तिला जवळजवळ पाणी देऊच नये, नाहीतर कंद कुजतात.

मे फ्लॉवर म्हणून ओळखला जाणारा लाल गोंडाही असाच कांद्यातून येतो. मूळचा आफ्रिकेतला. मे महिन्यात, विशेषतः वळवाची एखादी सर झाली की, जाड देठावर शंभर-दीडशे बारीक फुलांचा चेंडू उमलतो आणि आठवडाभर टिकतो. वर्षातून एकदाच. त्याचा कांदा विषारी असल्याने लहान मुले आणि पाळीव जनावरे असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवावी.

चाफ्यांपैकी पांढरा चाफा, म्हणजेच देवचाफा, उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेला आहे, हे त्याचा देवळाशी असलेला घरोबा पाहता खरे वाटत नाही. थंडीत तो निष्पर्ण होतो आणि बोडक्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. त्याचा वास रात्री वाढतो आणि मोठे पतंग मधाच्या आशेने येतात, पण या फुलात मध नसतो. पतंग फुलाफुलांत सोंड घालत फिरतात आणि परागीभवन फुकटात होते. फांदी तोडून लावायची तर चीक वाळेपर्यंत ती आठवडाभर सावलीत ठेवावी, नाहीतर सडते.

सोनचाफा अस्सल इथला, मॅग्नोलियाच्या प्राचीन कुळातला. बियांपासून वाढवलेले झाड फुलायला बरीच वर्षे घेते. कलम दुसऱ्या वर्षापर्यंत, मोठ्या कुंडीतसुद्धा, फुलते. कलमाच्या जोडाखालून फूट आली तर ती लगेच काढून टाकावी. ती खालच्या रानटी खुंटाची असते आणि वरच्या कलमाला मारून टाकते.

मधुमालतीची वेल जागा मागते, पण लक्ष फारसे मागत नाही. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल होते. पांढऱ्या फुलांवर रात्री पतंग येतात, रंग चढलेल्यांवर दिवसा मधमाश्या आणि पक्षी. बोगनवेलीचे रंगीत भाग पाकळ्या नसून पाने आहेत, खरी फुले त्यांच्या मधोमध असलेल्या तीन बारीक पांढऱ्या नळ्या. तिला जेवढा पाण्याचा ताण तेवढा रंग. रोज पाणी घालून बोगनवेल फुलण्याची वाट पाहणे व्यर्थ.

बाकीच्या झाडांना कळ्या लागल्यावर पाण्यात खंड पडू देऊ नये. एप्रिल-मेमध्ये कुंड्यांना सकाळी लवकर भरपूर पाणी द्यावे, मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटे थर पसरावा आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात दुपारपुरती हिरव्या जाळीची सावली करावी. सिमेंटच्या गच्चीवर कुंडी थेट न ठेवता विटांवर ठेवली तर मुळे भाजत नाहीत.

मृगाचा पाऊस लागला की मोगऱ्याचा भर ओसरतो. नवी रोपे करायची ती याच वेळी. मोगऱ्याची पेन्सिलएवढी, तीन-चार पेरांची फांदी ओल्या मातीत सावलीला लावली किंवा लवचीक फांदी वाकवून तिचे एक पेर मातीत दाबले, तर महिना-दीड महिन्यात मुळे धरते. मार्चमध्ये रोपवाटिकेतून कळ्यांनी लगडलेली कुंडी आणण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण जागा आणि ऊन बदलले की असे रोप बहुधा कळ्या गाळते. पुढच्या चैत्रात फुले हवी असतील त्यांनी रोप जून-जुलैतच लावावे.