वड्याच्या तेलाचं डिझेल

पुणे-नाशिक रस्त्यावर अवसरी फाट्याच्या आसपास वड्याच्या कढया सकाळीच चढतात. दुपार टळेपर्यंत तेल काळपट होतं, घाणा सोडला की फेस उसळतो आणि लवकर बसत नाही. बटाट्यातलं, भिजवलेल्या बेसनातलं पाणी वाफ होऊन जाताना तेलाचे रेणू फोडतं आणि आम्लं सुटी होतात. तेलातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तेल बिघडत जाईल तशी वाढणारी संयुगं, २५ टक्क्यांवर गेली की ते तळणीतून काढायचं, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. प्रत्यक्षात त्याच कढईत वरून ताजं तेल ओतलं जातं.

असं काढलेलं तेल बायोडिझेलच्या कामी येऊ शकतं. बायोडिझेलची रूढ रीत सोपी आहे. १०० किलो तेलाला साधारण ११ किलो मिथेनॉल, थोडा कॉस्टिक सोडा आणि ६० अंशांची ऊब दिली की तासा-दोन तासांत जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि तळाशी दहा किलो ग्लिसरीन मिळतं. पण हे चांगल्या तेलाचं झालं. तळणीच्या तेलातली आम्लं कॉस्टिकला भेटली की साबण होतो, मग थर वेगळे होत नाहीत. करंजाच्या तेलाचीही बऱ्याचदा हीच रड.

इथे लायपेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला येतं. कच्च्या दुधातही ते असतं आणि दुधाला खवट वास आणतं. त्यामुळे डेअरीवाल्यांना ते नकोसं. पाश्चरायझेशनच्या उष्णतेत ते निकामी होतं. बायोडिझेलवाल्याला मात्र ते हवंच, कारण ते तेल आणि सुटी आम्लं दोन्हींचं डिझेल करतं, तेही ३५-४५ अंशांत. थोडं पाणी असलं तरी त्याचं बिघडत नाही, उलट थोडं लागतंच. मिथेनॉलशी मात्र त्याचं जमत नाही. ते एकदम ओतलं तर विकर निकामी होतं. जपानच्या शिमादा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मिथेनॉल तीन हप्त्यांत देऊन ही अडचण सोडवली. नोव्होझाइम्स कंपनीने २०१४ मध्ये खास या कामासाठी द्रवरूप विकर बाजारात आणलं.

वेळ मात्र जवळजवळ दिवसभर लागतो, आणि विकर महाग. शेवटी दोन-तीन टक्के आम्ल उरतंच. भारतीय मानकाला आम्लांक ०.५ च्या वर चालत नाही, म्हणून अखेरीस थोड्या कॉस्टिकला पुन्हा बोलवावं लागतं!

तरी माझ्या मते खरं घोडं विकरापाशी नाही, तेल गोळा करण्यापाशी अडलं आहे. १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपयांनी घेण्याची योजना १०० शहरांसाठी जाहीर केली. शहरात एका हॉटेलातून तेलाचे डबेच्या डबे निघतात. अवसरी बुद्रुक, मंचर, घोडेगाव पट्ट्यात ते गाडीगाडीवरून गोळा करावं लागेल. शिवाय मोठ्या हॉटेलातलं उरलेलं तेल स्वस्तात छोट्या गाड्यांवर जातं. त्या गाडीवाल्या गिऱ्हाइकापेक्षा रुपया-दोन रुपये जास्त मोजणारा टेम्पो दारात उभा राहिला, तरच डबा तिकडे वळेल.